दहा वर्षांत दहाच खरीप: शेतीच्या नव्या तंत्रात व्हेंचरचा पैसा घालावा का?

सांवेररोड

मंडळी, गेल्या रविवारी आम्ही सहा जण बसलो होतो. सगळे इंदूरचेच. तिघे आयटीत, एक डॉक्टर, एक निवृत्त बँकवाले आणि मी. जमिनीतली ओल मोजणारं स्वस्त यंत्र आणि त्यावरून पाण्याचा-खताचा सल्ला, असं काम करणारी एक अगदी नवी कंपनी आहे. तिच्यात हिस्सा घेऊन प्रत्येकी पाच लाखांचा जोखमीचा, म्हणजे व्हेंचरचा, पैसा घालायचा का, हा विषय होता. नाव देत नाही, कारण चर्चा त्या एका कंपनीची नाही.

माझं मत स्पष्ट आहे, घालावा. कारण सांगतो. 2023 चा ऑगस्ट आठवा. 1901 पासून देशात इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. सांवेरजवळ आमचे चौदा बिघे आहेत. राखीला गेलो तेव्हा काळ्या मातीच्या भेगेत माझा हात मनगटापर्यंत गेला. सोयाबीनला शेंगा होत्या, पण बोटांत धरून फोडली की आत दाण्याच्या जागी नुसता पापुद्रा. बांधापलीकडे काकांचं शेत मात्र हिरवं. त्यांनी रुंद वरंब्यावर, म्हणजे दोन सऱ्यांमधल्या उंच पट्ट्यावर पेरलं होतं, त्यामुळे सरीत मुरलेली ओल त्यांना पुरली. या पद्धतीची पेरणीयंत्रं इंदूरच्याच सोयाबीन संशोधन संस्थेने शेतकऱ्यांपुढे ठेवली आहेत. ती संस्था 1987 पासून इथे आहे, आणि माझ्या वडिलांना हे बांधापलीकडून कळलं! संशोधन होतं, पण दारापर्यंत येत नाही. नव्या कंपनीला दारोदार जावंच लागतं, नाहीतर ती जगत नाही.

जगातल्या हरितगृह वायूंपैकी जवळजवळ एक तृतीयांश शेती आणि अन्नाच्या साखळीतून येतात, आणि हवामानासाठी खर्च होणाऱ्या पैशातला फारच थोडा वाटा तिकडे जातो. ही दरी कुणी भरायची? आपल्यासारख्यांनी जोखीम घेतली नाही तर कोण घेणार?

देपालपूरकर

दादा, तुमची तळमळ खरी आहे, म्हणून मीही खरंच बोलतो.

चार वर्षांपूर्वी माझ्या शेतात असंच एक यंत्र लावलं होतं. कंपनीची दोन मुलं आली, पोरं हुशार आणि नम्र. खांब रोवला, वर छोटं सौर पॅनल, खाली दोन नळ्या जमिनीत. पहिलं वर्ष फुकट, दुसऱ्या वर्षी हंगामाचे तीन हजार. गव्हाला दोन पाण्यांमधलं अंतर त्याने चांगलं सांगितलं, हे मी नाकारत नाही. एक पाणी वाचलं. तिसऱ्या वर्षी मोबाइलवर पान उघडेना. फोन केला तर नंबर बंद. नंतर कळलं की पुढचा पैसा मिळाला नाही म्हणून त्यांनी शेतकऱ्यांचं काम सोडलं आणि आता बड्या कंपन्यांना उपग्रहाची माहिती विकतात. खांब अजून उभा आहे. डवरणीच्या वेळी बैल त्याला वळसा घालून जातात.

गुंतवणूकदाराचा पैसा बुडाला तर त्याच्या दहा डावांतला एक बुडतो. माझं शेत एकच आहे. आणि ज्या मुलांना मी ट्रॅक्टरमागे बसून जमीन शिकवली, ती गेली. ते शिकणं कुणाच्या खात्यात जमा झालं?

प्राची_रामबाग

मी मुंबईत सात वर्षं व्हेंचर निधींचे, म्हणजे अनेकांचा पैसा एकत्र करून नव्या कंपन्यांत घालणाऱ्या निधींचे हिशेब बघितले, आता घरी इंदूरला आहे. देपालपूरकर काकांचं दुखणं कुठून येतं ते सांगते.

व्हेंचर निधीचं आयुष्य साधारण दहा वर्षांचं असतं. पहिली तीन-चार वर्षं पैसा घालायचा, उरलेल्या काळात विकून बाहेर पडायचं. दहापैकी सहा-सात कंपन्या बुडणार हे धरलेलंच असतं, एकदोन प्रचंड वाढून सगळ्यांचा खड्डा भरतात. सॉफ्टवेअरमध्ये हे जमतं, कारण सोमवारी केलेली चूक बुधवारी दुरुस्त करता येते. सोयाबीनमध्ये केलेली चूक पुढच्या जूनमध्ये दुरुस्त होते. दहा वर्षांत दहाच खरीप. त्यातले दोन कोरडे, एक अतिवृष्टीचा, एकात पिवळा मोझॅक हा रोग. सल्ला बरोबर होता की पाऊस बरोबर पडला, हे ठरवायलाच चार हंगाम जातात.

मग पैसा काय करतो? ऋतूच पुसून टाकणाऱ्या कल्पनांकडे धावतो. अमेरिकेत बंद इमारतीत दिव्यांखाली पालेभाजी पिकवणाऱ्या कंपन्यांत शंभर कोटी डॉलरहून जास्त ओतले गेले. एरोफार्म्स जून 2023 मध्ये दिवाळखोरीत गेली, बावरी नोव्हेंबर 2024 मध्ये बंद झाली, प्लेंटी मार्च 2025 मध्ये दिवाळखोरीत. त्याआधी 2006 ते 2011 या काळात स्वच्छ ऊर्जेत व्हेंचरवाल्यांनी 25 अब्ज डॉलरच्या वर घातले आणि निम्म्याहून अधिक गमावले.

याउलट ठिबक सिंचन बघा. 1965 साली इस्रायलमधल्या हात्झेरिम किबुत्झमध्ये ठिबक संच बनवणारी नेटाफिम सुरू झाली. किबुत्झ म्हणजे स्वतः शेती करणारं गाव, त्याला विकून बाहेर पडायची घाई नव्हती. आपल्याकडे जळगावच्या जैन इरिगेशनने ठिबक रुजवलं, पण पसरलं ते सरकारी अनुदानाच्या आधाराने.

सांवेररोड

प्राची, दहा खरिपांचा मुद्दा मला लागला. तरी एक उदाहरण देतो. ब्लू रिव्हर ही कंपनी 2011 मध्ये सुरू झाली. कॅमेऱ्याने तण ओळखून फक्त तणावरच फवारणी, एवढंच तिचं काम. 2017 मध्ये ट्रॅक्टर बनवणाऱ्या जॉन डीअरने ती 30 कोटी 50 लाख डॉलरला घेतली. सहा वर्षांत! तणनाशक वाचतं ही साधी गोष्ट नाही. व्हेंचरशिवाय हे कुणी केलं असतं?

देपालपूरकर

ते हजार एकरांच्या शेताला, दादा. आपल्या देशात 2015-16 च्या कृषिगणनेत सरासरी जमीन 1.08 हेक्टर निघाली. माझ्या गल्लीत त्याहूनही कमी आहे. तेवढ्या जमिनीवर एवढ्या मशीनचा खर्च कुठून काढायचा?

छावणीवाला

मी मंडीत बसतो, थोडक्यात सांगतो. 2024 मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता आणि सप्टेंबरात मंडीत माल चार हजारांच्या खाली चालला होता. शेतकरी ट्रॉली घेऊन उभे, डोळ्यांत पाणी. त्या वर्षी कुणाला यंत्राचं वार्षिक शुल्क मागून दाखवा. भाव पडला की सगळ्यात आधी हाच खर्च कापला जातो. मग तुमची कंपनी जगेल कशी?

जुनीइंदूर

मृदाशास्त्रात पस्तीस वर्षं घालवली, म्हणून दोन शब्द.

आज जिथे आपलं कृषी महाविद्यालय आहे, तिथे 1924 मध्ये इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आले. होळकर दरबाराने जमीन दिली, पैसा कापूस समितीकडून आणि मध्य भारतातल्या संस्थानांकडून आला. 1931 पर्यंत, म्हणजे सात वर्षं, त्यांनी कंपोस्टची पद्धत घासूनपुसून सिद्ध केली. काडीकचरा, शेण, गोमूत्र भिजलेली माती, राख, थरावर थर, ठरलेल्या दिवशी ढीग पालटायचा, तीन महिन्यांत खत. मी विद्यार्थ्यांना ढिगात हात घालायला लावत असे. वरून थंड, कोपरापर्यंत गेलं की चटका बसतो. जगभर ही पद्धत ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते, चहा-कॉफीच्या मळ्यांपर्यंत गेली. ती कुणाच्या मालकीची नव्हती म्हणून गेली. व्हेंचरला मालकी लागते. मातीतलं जे खरंखुरं शहाणपण आहे, त्यातलं बरंचसं कुलपात ठेवता येत नाही.

दुसरी गोष्ट नत्राची. युरियातून निघणारा नायट्रस ऑक्साइड कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट तापवतो. युरियाला पर्याय देणारे जिवाणू, युरियाच्या दाण्यावरचं लेपन वगैरे चांगली कामं चालू आहेत. पण 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते तोवर शेतकरी पर्याय का घेईल? वायू कमी झाल्याचा फायदा साऱ्या जगाला, खर्च एकट्या त्याला. ही गाठ गुंतवणूकदार सोडवू शकत नाही.

प्राची_रामबाग

अगदी हेच. म्हणून मला आपल्या इंदूरच्या देवगुराडियाचा बायो-सीएनजी प्रकल्प आठवतो, फेब्रुवारी 2022 चा. रोज 550 टन ओला कचरा, त्यातून 17 हजार किलो वायू आणि 100 टन खत. पैसा खासगी कंपनीने घातला, कारण निम्मा वायू आपण घेऊ असं महापालिकेने आधीच कबूल केलं होतं. आधी गिऱ्हाईक बांधलं, मग भांडवल आलं. शेतीत उलटं चाललंय. भांडवल आधी येतं आणि ते गिऱ्हाईक शोधत देपालपूरकर काकांच्या शेतात खांब रोवतं.

सांवेररोड

दोन रात्री विचार केला. पैसा घालू नये, हे मला अजून पटत नाही. हॉवर्डना संस्थानांनी पैसा दिला तोही परताव्याची खात्री नसताना दिला. कुणीतरी पहिला रुपया टाकावाच लागतो. पण कोणत्या अटींवर, इथे मी चुकत होतो.

आज मित्रांशी बोललो. आम्ही तीन अटी घालतोय. आमचा पैसा दहा वर्षांनी नव्हे, पंधरा वर्षांनी परत मागू. कंपनी बंद पडली किंवा तिने धंदा बदलला तर शेतातलं यंत्र आणि त्याची सगळी नोंद शेतकऱ्याची, आणि ते चालवायचं सॉफ्टवेअर सर्वांना खुलं. आणि शुल्क शेतकऱ्याकडून नव्हे, माल घेणाऱ्या तेल गिरणीकडून किंवा शेतकरी उत्पादक कंपनीकडून. दोन मित्र या अटी ऐकून मागे हटले. आम्ही चौघं उरलो. कंपनीची मुलं उद्या उत्तर देणार आहेत.

देपालपूरकर

दुसरी अट कागदावर आणा, स्टॅम्पवर. ती असेल तर बंधाऱ्याजवळचा दोन बिघ्यांचा तुकडा देतो. एका बिघ्यात त्यांचा सल्ला, एका बिघ्यात माझा, बियाणं एकच, पेरणी एकाच दिवशी. आणि पोरांना सांगा, चार इंच पाऊस पडल्याशिवाय मी पेरत नाही, तेव्हा जूनच्या पहिल्या आठवड्यात येऊन घाई करू नका. जुना खांब मी काढत नाही, त्याच्या नळ्या अजून चालतात का तेही त्यांनी येऊन बघावं.

सांवेररोड

काका, शनिवारी येतो. मुलांना घेऊनच.