ॲन्सिबलमध्ये याद्या जोडायला आपला वेगळा प्लगइन हवाच का?

रामबागकर
मंडळी, विषय टाकतोय, भांडा मनसोक्त. आमचे सर्व्हर इंदूर, देवास आणि पिथमपूर, तिन्हीकडचं सगळं ॲन्सिबलवर, म्हणजे सर्व्हरची मांडणी फाइलीत लिहून सगळीकडे लावणाऱ्या टूलवर. यूजरची एक यादी सगळीकडे लागू, शिवाय प्रत्येक ठिकाणची आपापली. आता ऑल ग्रुपच्या (सगळ्या सर्व्हरना लागू) फाइलीत "यूजर्स" नावाची यादी आहे आणि देवासच्या फाइलीतही तेच नाव दिलं तर दोन्ही जोडल्या जात नाहीत, देवासवाली वरच्या यादीला अख्खी गिळते. नवीन पोरगा आला की हमखास यात अडकतो. म्हणून नावं वेगळी ठेवली, यूजर्स_ऑल, यूजर्स_देवास वगैरे, आणि त्या जोडायला जिंजाची (ॲन्सिबलमधली टेम्प्लेटची भाषा) एक लांबलचक ओळ, डिफॉल्ट काय, फ्लॅटन काय, युनिक काय, आणि ती ओळ आता रोलमागून रोल (रोल म्हणजे एका कामाच्या टास्कचा गठ्ठा) कॉपी होत चाललीये, प्रत्येक ठिकाणी थोडी थोडी वेगळी. माझं म्हणणं सरळ आहे, प्लेबुकशेजारच्या (प्लेबुक म्हणजे काय चालवायचं याची फाइल) फिल्टर प्लगइनच्या फोल्डरमध्ये पायथॉनची एक छोटी फाइल टाकू, याद्या घेईल, नावावरून जुळवेल, एक यादी परत देईल. टीममध्ये दोन तट पडलेत. तुम्ही बोला.

यामलवाली_ताई
स्पष्ट विरोध. जे आधीच आहे ते परत कशाला लिहायचं? दोन याद्यांना साधं अधिक चिन्ह चालतं. युनियन, इंटरसेक्ट, डिफरन्स हे फिल्टर कोअरमध्येच, म्हणजे मूळ ॲन्सिबलमध्येच आहेत. दोनपेक्षा जास्त याद्या असतील तर कम्युनिटी जनरल या जादा प्लगइनांच्या कलेक्शनमध्ये 8.4.0 आवृत्तीपासून लिस्ट्स_युनियन आलंय. नावावरून जुळवायचं असेल तर त्याच कलेक्शनमध्ये लिस्ट्स_मर्जबाय आहे, तेही कधीपासूनचं. कलेक्शन इन्स्टॉल कर आणि झोप निवांत.

रामबागकर
ताई, ते सगळं बघूनच आलोय. युनियनची भानगड ऐका. ऑलच्या यादीत "बॅकअप" नावाचा यूजर आहे, स्टेट प्रेझेंट. देवासला तो नकोय म्हणून देवासच्या यादीत तोच बॅकअप, स्टेट ॲब्सेंट. युनियनला या दोन वेगवेगळ्या नोंदी दिसतात कारण अख्खी नोंद सारखी नाही, मग दोन्ही राहतात. लूप फिरला की आधी यूजर बनतो आणि लगेच उडतो. दर रनला चेंज्ड, म्हणजे बदल झाल्याची खूण, पिवळं पिवळं. वर होम डिरेक्टरी मागेच पडून राहते कारण रिमूव्ह यस दिलं नाही तर यूजर मॉड्यूल ती काढत नाही. मर्जबाय हे बरोबर करतं, नंतरचा जिंकतो, पण यादी परत देताना नावाच्या क्रमाने लावून देतं. यूजरला चालेल हो, फायरवॉलच्या नियमांचं काय? तिथे वरचा नियम आधी लागतो. "डिनाय-ऑल" अक्षरक्रमाने "एसएसएच"च्या आधी येऊन बसला तर आपण सगळे बाहेर.

गेर_ऑनकॉल
यार सेटिंगच्या फाइलीत, ॲन्सिबल डॉट सीएफजीमध्ये हॅश बिहेवियर मर्ज करून टाका ना, एक ओळीत काम

यामलवाली_ताई
@गेर_ऑनकॉल अजिबात नाही. ते डिक्शनरीसाठी (किल्ली आणि तिची नोंद अशा जोड्या) आहे, याद्या त्याने जुळत नाहीतच. आणि सेटिंग अख्ख्या प्रोजेक्टला लागतं, बाहेरून आणलेला रोल साध्या वागणुकीवर विसंबून लिहिलेला असतो, तो कुठे फुटेल सांगता येत नाही.

सरवटे_स्टँड
माझा दोघांनाही विरोध. मुळात यादी का? ज्या वस्तूला नाव आहे आणि नावावरून ओळखायचीये ती डिक्शनरीत ठेवा, किल्ली म्हणजे यूजरचं नाव. मग डिक्शनरी जोडणारा कंबाइन फिल्टर लावा, रिकर्सिव्ह ट्रू, आणि लूपच्या तोंडाशी डिक्ट२आयटम्स, म्हणजे परत यादी. बॅकअपचा प्रश्न तिथेच संपला, कारण एका किल्लीला दोन नोंदी असूच शकत नाहीत. आतमध्ये याद्या असल्या, म्हणजे यूजरचे ग्रुप वगैरे, तर कंबाइनलाच ॲन्सिबल 2.10 पासून लिस्ट_मर्ज आहे, अपेंड, प्रीपेंड, कीप, काय हवं ते. फायरवॉलला प्रत्येक नियमाला एक आकडा द्या, 100, 200, 300, आणि शेवटी त्यावर सॉर्ट करा, क्रम डेटात दिसला पाहिजे, कुठल्या फाइलीत कितव्या ओळीवर लिहिलंय यावर नको. फिल्टर म्हणजे भिया जिरावण (पोह्यांवरचा इंदुरी मसाला) आहे, पोहेच कच्चे असले तर कितीही भुरभुरा.

गेर_ऑनकॉल
@सरवटे_स्टँड दादा बात बरोबर आहे पण तुम्ही नवीन प्रोजेक्टचं बोलताय, यांच्याकडे सगळा डेटा यादीत पडलाय, तो बदलायचा म्हणजे प्रत्येक रोल, प्रत्येक टेम्प्लेट, आणि त्या टेम्प्लेटमध्ये कुठे कोणी पहिला यूजर शून्य नंबरने उचललाय ते शोधत बसा, आणि हे करायला वेळ कोण देणार, मॅनेजरला सांगून बघा की आम्ही महिनाभर यामलचा (या फाइलींचा फॉरमॅट) आकार बदलतोय. मी प्लगइनच्या बाजूने. कारण एकच, रात्री 2 वाजता फोन आला की जिंजाची ती सिलेक्टॲट्र-मॅप-एक्स्ट्रॅक्टची माळ वाचवत नाही, पायथॉनचं फंक्शन वाचता येतं, त्याला पायटेस्ट (पायथॉनची टेस्ट) लावता येते, आणि चुकलं तर माणसाच्या भाषेत एरर देता येते. मी रंगपंचमीला गेर (रंगांची मिरवणूक) चालू असताना राजवाड्याच्या गल्लीत उभा राहून फोनवर अशी ओळ सोडवलीये, तेव्हा मला कोणी तत्त्वज्ञान सांगू नये.

सुपरकॉरिडॉर_बस
पायटेस्ट लावता येते, पण लावतं कोण? आमच्याकडे असाच एक घरगुती फिल्टर होता, लिहिणारा पुण्याला गेला, त्यानंतर त्या फाइलीला हात लावायची कोणाची छाती झाली नाही. ॲन्सिबलची आवृत्ती वाढवायची वेळ आली की पहिला प्रश्न तोच, हे चालेल का.

बरं, आणखी एक रस्ता आहे, मर्ज_व्हेरिएबल्स नावाचं लुकअप, कम्युनिटी जनरल 6.5.0 पासून. नावाचा पॅटर्न द्यायचा, यूजर्स_ ने सुरू होणारी जितकी व्हेरिएबल्स त्या होस्टला लागू तितकी आपोआप एकत्र. रोलमध्ये नावं लिहायचीच नाहीत.

यामलवाली_ताई
ते मला प्लगइनपेक्षाही खतरनाक वाटतं. उद्या कोणीतरी आठवण म्हणून यूजर्स_जुने नावाची यादी फाइलीत ठेवणार, कुठे वापरलेली नाही असं समजून, आणि नोकरी सोडून गेलेल्यांची खाती परत उघडणार. जोडणी कुठे होते ते ग्रेप करून (फाइलींत शब्द शोधून) सापडलं पाहिजे. त्यापेक्षा रामबागकरचा प्लगइन परवडला, निदान कुठल्या याद्या जोडल्या ते लिहिलेलं दिसतं.

रामबागकर
म्हणजे ताई हो म्हणाल्या 😄

यामलवाली_ताई
हो कुठे म्हटलं. तुझा ड्राफ्ट वाचला. नाव नसलेली नोंद आली तर तू कंटिन्यू करून पुढे जातोस. म्हणजे कोणी "नेम"च्या जागी "नेमे" टाइप केलं की तो यूजर मुकाट गायब, रन हिरवा, आणि सोमवारी देवासहून फोन की लॉगिन होत नाही. तिथे एरर फेकायला पाहिजे, कुठल्या यादीतली कितवी नोंद ते सांगून. दुसरं, तू पहिल्याच यादीतल्या डिक्शनरीला अपडेट करतोस, कॉपी न करता. मग पुढच्या टास्कमध्ये मूळ यादी वाचली तर ती बदललेली सापडू शकते, आणि असला घोळ शोधायला जन्म जातो.

सरवटे_स्टँड
आणि क्रम. दोन याद्यांत तीच नोंद असेल तर ती पहिल्या जागी राहणार की दुसऱ्या? हे डॉक्युमेंटेशनमध्ये लिही, नाहीतर प्रत्येकजण आपल्या मनाने धरून चालणार.

रामबागकर
जागा पहिल्या यादीतली, मजकूर शेवटच्या यादीतला. कॉपी आणि एररचं आज करतो. डेटाचा आकार बदलायचं दादांचं म्हणणं पटतंय पण ते फक्त नवीन रोलला, जुने आहेत तसे प्लगइनवर चालू द्या.

सुपरकॉरिडॉर_बस
"जुने आहेत तसे" म्हणजे कायमचे, लिहून घे. माझं मत विरोधातच धरा. आणि तरी टाकणारच असशील तर त्या फाइलीवर दोन माणसांची नावं हवीत, त्यातला एक तरी इंदूर सोडणार नाही असा बघ.

गेर_ऑनकॉल
असा माणूस आयटीत कुठे मिळतो ते पण सांगा