‘ख्रिसमस ट्री’मधला ‘ख्रिसमस’ नाम की विशेषण?

सातवीची_आई
लेकीच्या चाचणीत वाक्य होतं, ‘वी बॉट अ ख्रिसमस ट्री.’ ‘ख्रिसमस’ची शब्दजात ओळखायची होती. तिने विशेषण लिहिलं, गुण गेला. बाईंनी लाल शाईने ‘नाम’ केलंय. ती हटून बसलीय: ‘कसलं झाड? ख्रिसमसचं. नामाबद्दल जास्त माहिती सांगतो ते विशेषण, तुम्हीच पाठ करून घेतलंत ना?’ मी मराठी माध्यमातली, मला उत्तर सुचेना.

निवृत्त_मास्तर
बाईंनी तपासलंय बरोबर. घोळ त्या व्याख्येचा आहे, आणि ती मीही तीस वर्षं फळ्यावर लिहिली. आता प्रायश्चित्त म्हणून सांगतो.

मुलीला म्हणावं, त्या शब्दाआधी ‘व्हेरी’ लावून बघ. ‘अ व्हेरी बिग ट्री’ चालतं, ‘अ व्हेरी ख्रिसमस ट्री’ चालत नाही. मग शब्द झाडाच्या मागे टाक. ‘द ट्री इज बिग’ चालेल, ‘द ट्री इज ख्रिसमस’ कुणी म्हणणार नाही. म्हणजे शब्द विशेषणाच्या जागी बसलाय, जात नामाचीच. खरं विशेषण हवं असेल तर इंग्रजीत ‘ख्रिसमसी’ आहे, त्याला ‘व्हेरी’ खुशाल लावा.

आपल्याकडेही हेच आहे. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, त्यातली ‘दिवाळी’ काही विशेषण झाली नाही. दोन नामं शेजारी बसली, एवढंच.

जाता जाता: माझी मुलं दरवर्षी ‘इन दिवाळी वी वेंट टू मामाज व्हिलेज’ लिहायची. ‘दिवाळीत’मधला ‘त’ उचलून सरळ ‘इन’ करायचा! तिथे ‘ॲट दिवाळी’ किंवा ‘ड्यूरिंग दिवाळी’.

जर्सीकर
मास्तर, इकडे अमेरिकेत ‘ॲट’ नाही की ‘ऑन’ नाही. शेजारीण म्हणते, ‘आय विल सी यू ख्रिसमस डे.’ सुरुवातीला वाटायचं, हिचा एक शब्द गिळला गेला. मग ते क्रियाविशेषण झालं ना?

निवृत्त_मास्तर
काम क्रियाविशेषणाचं, पण आतला शब्द नामच. आपण ‘सोमवारी’ म्हणताना निदान प्रत्यय तरी लावतो, ते तोही वाचवतात. ब्रिटिश वळण वेगळं: सणाचे सगळे दिवस म्हणजे ‘ॲट ख्रिसमस’, नेमका 25 डिसेंबर म्हणजे ‘ऑन ख्रिसमस डे’. ‘डे’ आला की ‘ऑन’.

सातवीची_आई
पटलं. मग ‘मदर्स डे’तला शब्द? तिथे अ‍ॅपॉस्ट्रॉफी कुठे द्यायचा यावरून घरात अजून एक भांडण आहे.

निवृत्त_मास्तर
तिथे षष्ठी आहे. अ‍ॅना जार्विस या बाईंनी अमेरिकेत हा दिवस सुरू केला आणि एकवचनाचा हट्ट धरला: प्रत्येकाने आपापल्या आईचा दिवस पाळायचा, जगातल्या सगळ्या आयांचा नव्हे. म्हणून अ‍ॅपॉस्ट्रॉफी ‘एस’च्या आधी. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या 1914 च्या घोषणेने तो अधिकृत झाला. आपला 5 सप्टेंबरचा ‘टीचर्स डे’ सगळ्या शिक्षकांचा, तिथे ‘एस’नंतर. ‘चिल्ड्रन्स डे’त मात्र पुन्हा आधी, कारण ‘चिल्ड्रन’ मुळातच अनेकवचन.

जर्सीकर
आणि आमच्या 11 नोव्हेंबरच्या ‘व्हेटरन्स डे’ला अ‍ॅपॉस्ट्रॉफीच नाही! सरकारी खुलासा असा, की हा दिवस माजी सैनिकांच्या मालकीचा नाही, त्यांच्या सन्मानाचा आहे. म्हणजे षष्ठी नाही, ‘ख्रिसमस ट्री’सारखं नुसतं शेजारी बसलेलं नाम.

सातवीची_आई
वाचून दाखवलं. ‘व्हेरी’ची युक्ती तिला आवडली, गुण मागायला जाणार नाहीये. पण लगेच पुढचा प्रश्न: ‘आजी मला शिमगा करू नकोस म्हणते, त्यात शिमगा क्रियापद का नाही?’

निवृत्त_मास्तर
क्रियापद ‘करणे’. शिमगा तिथेही नामच. आजीला नमस्कार सांगा.