बॉक्सिंग आणि प्रेमाची भानगड: जुने इंग्रजी सिनेमे सुचवा

रातकिडा_७
शनिवारी सासू-सासरे येताहेत. सासऱ्यांना बॉक्सिंगचं वेड, सासूबाईंना रक्त बघवत नाही. १९६० च्या आधीचं, हलकंफुलकं काही आहे का? 'सिटी लाइट्स' झालाय. चॅप्लिन रेफरीच्या पाठीमागे लपून लढतो तो भाग सासूबाईंनी दोनदा मागे नेऊन पाहिला.

आंबटगोड
'केन अँड मेबल' (१९३६). क्लार्क गेबल बॉक्सर, मॅरियन डेव्हिस वेट्रेसची नटी झालेली. हॉटेलात हिच्या टॅप डान्सच्या तालमीने त्याच्या झोपेचं खोबरं. मग प्रसिद्धीसाठी दोघांचं खोटंच प्रेमप्रकरण पेपरात. मोठ्या गाण्यांच्या वेळी खुशाल चहा टाका. आणि हो, गेबलला मिशी नाही, ओळखायला जरा वेळ लागतो.

वरणफळ
त्यापेक्षा त्याच वर्षीचा 'द मिल्की वे'. हॅरॉल्ड लॉइड दूधवाला. हाणामारीत हा नुसता खाली वाकतो, ठोसा लागतो चॅम्पियनला आणि पेपरात नाव ह्याचं! मॅनेजर लबाड, त्याला रिंगमध्ये उतरवून निकाल आधीच ठरवलेल्या लढती जिंकायला लावतो. बिचाऱ्याला वाटतं, आपण खरंच भारी आहोत. रक्ताचा थेंब नाही.

पुणेरी_टोमणा
'हिअर कम्स मिस्टर जॉर्डन' (१९४१) कसा राहिला? स्वर्गाचा दूत बॉक्सरला वेळेआधीच उचलतो, आणि परत पाठवायचं तर देहाचं दहन उरकलेलं. सॅक्सोफोन मात्र सोबत! आपला 'झुक गया आसमान' (१९६८) ह्याच्यावरूनच.

वरणफळ
टोमणाराव, त्यात बॉक्सिंग तोंडी लावण्यापुरतं. सासरे घड्याळ बघतील.

पुणेरी_टोमणा
सासऱ्यांसाठी मग 'द प्रायझफायटर अँड द लेडी' (१९३३). मर्ना लॉय आहे, पण विनोद बेताचा, नायक बाहेरख्याली. शेवटची लढत मात्र बघाच: मॅक्स बेअर आणि प्रिमो कार्नेरा, दोघे खरे बॉक्सर, रेफरी जॅक डेम्प्सी. सिनेमात बरोबरी. १९३४ मध्ये बेअरने कार्नेराकडून जगज्जेतेपद खरोखरच हिसकावलं.

रातकिडा_७
आभार मंडळी. काल 'मिल्की वे' लावला. सासूबाई डोळे पुसेपर्यंत हसल्या. सासरे शेवटपर्यंत दूधवाल्याला "अरे, हात वर ठेव, हात वर!" म्हणून ओरडत होते. पुढच्या खेपेला जॉर्डन.