दाण्याची अॅलर्जी आणि दिवाळीला सासरी जायचंय: मदत हवी आहे

लेक सहा वर्षांची, शेंगदाण्याची अॅलर्जी. तपासण्या, डॉक्टर सगळं झालंय. प्रश्न रोजच्या जेवणाचा आहे.

गणपतीत सासरी गेलो होतो. जाऊबाईंनी आठवणीनं तिच्यासाठी खोबऱ्याची चटणी वेगळी केली, कुटाशिवाय. दोन घास खाल्ले आणि पोरगी ओठ चोळायला लागली. पाच मिनिटांत गळ्यावर गांध्या, मग उलटी, मग खोकला. डॉक्टरांनी दिलेलं अॅड्रेनालिनचं इंजेक्शन जवळ होतं. ते मांडीत दिलं आणि तशीच गाडीत घालून दवाखान्यात नेली. रात्रभर ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मिक्सरचं भांडं बघितलं. घासलेलं, लखलखीत. झाकणाची रबरी रिंग नखानं उचकटली, तर खाली कुटाचा थर!

जाऊबाई रडल्या, त्यांचा काय दोष? सासूबाईंचं मात्र “आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही” चालूच. त्यांच्याकडे घाण्याचं शेंगतेल. डॉक्टर म्हणतात, रिफाइंड बहुतेकांना चालतं, पण घाण्याच्या तेलात प्रथिनं राहतात, ते नकोच. आणि फराळ सगळा त्यातच तळणार.

त्यात इथे पुण्यात घरामागचा प्लॉट गाजर गवतानं पांढरा झालाय. (हे गवत पन्नासच्या दशकात पहिल्यांदा पुण्यातच दिसलं म्हणे, अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलेलं. मान आमचाच!) सकाळपासून तिचं नाक वाहतं, दम्याचा पंप चालू आहे. दमा आटोक्यात नसेल तर दाण्याची रिअॅक्शन जास्त जोरात येऊ शकते, असं डॉक्टरांनी बजावलंय, म्हणून जास्त भीती.

तुम्ही लोक बाहेर जेवताना, एकादशीला, लग्नात काय करता? आणि घरच्यांना न दुखावता सांगता कसं?

चिंचगूळ: माझा मुलगा अकराचा, तुमच्यासारखंच. आम्ही कढई, झारा आणि मिक्सरचं छोटं भांडं सोबत नेतो. लोक हसतात, हसू देत. तिचा फराळ सूर्यफुलाच्या तेलात आधी तळून घ्या, मग बाकीच्यांचा.
एक शिकले: “दाणे घातलेत का?” असं विचारू नका. ‘नाही’ म्हणतात, कारण चमचाभर कूट त्यांच्या लेखी दाणे नव्हेतच. “कूट? चिक्की? शेंगतेल? डाव कशात बुडवला होता?” असं एकेक विचारा. लग्नात तर डबा घरचाच. एकादशीला वरीचे तांदूळ तुपाच्या फोडणीत, पण वेगळ्या पातेल्यात.
सासूबाईंना मी पटवायच्या भानगडीत पडले नाही. पुढच्या तपासणीला सोबत नेलं, डॉक्टरांनीच सांगितलं. आणि इंजेक्शन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, बिघडतं.

रानवाट: गवत फुलं यायच्या आधी उपटायला हवं होतं. आता उपटायचं तर हातमोजे घालून, आणि लेकीला लांब ठेवून. तोवर त्या बाजूची खिडकी बंद.

धागाकर्ती: खूप आभार दोघांचे. जाऊबाईंना प्रतिसाद वाचून दाखवले. त्या विचारताहेत, मिक्सर नको तर चटणी पाट्यावर वाटली तर चालेल का?

चिंचगूळ: त्यावर आजवर कूट वाटलंय ना? मग नको. टाकी लावलेल्या पाट्याच्या खळग्यांत काय काय बसलेलं असतं, घासून निघत नाही. खोबरं सरळ खवून द्या.