नागपुरात सेकंड-हँड घेणं अजून परवडतं का? (कपडे, कूलर, पलंग, फ्रिज)

रिकामी_खोली विचारतात:

दोन पोरं जूनपासून नागपुरात शिकायला येणार आहेत. भाड्याची खोली पूर्ण रिकामी आहे. कूलर, दोन पलंग, कपाट, टेबल, लहान फ्रिज, थंडीची जॅकेटं आणि रोजचे काही कपडे, एवढं घ्यायचं आहे. आधी जुनं घेतलं की निम्मे पैसे वाचायचे, डोळे मिटून. आता इन्स्टावरच्या थ्रिफ्ट पेजवर वापरलेला शर्ट साडेचारशे-पाचशेला, वर कुरिअर वेगळं. तेवढ्यात नवा येतो. कबाड्याकडे जुना कूलरही नव्याच्या जवळपास सांगतात. तर नेमकं काय जुनं घ्यावं, काय नवं घ्यावं आणि घेताना काय तपासावं? ठिकाणांपेक्षा तपासणी सांगितली तर जास्त बरं, कारण घ्यायला मोठा मुलगा एकटाच जाणार आहे.

---

गांधीबाग_ठोक यांचं उत्तर:

आधी कपडे. रोजच्या कपड्यांत थ्रिफ्टचा फायदा जवळपास संपला आहे आणि त्याला दोन्हीकडून कारणं आहेत.

एक, माल स्वस्त येत नाही. वापरलेल्या कपड्यांची आयात आपल्याकडे खुली नाही, परवाना लागतो. मोकळेपणाने येतात त्या कापून निकामी केलेल्या चिंध्या, आणि त्या पानिपतला सूत काढायला जातात. अमेरिकेत गुडविलसारख्या दुकानांना लोक कपडे फुकट देऊन जातात, म्हणून तिथे खरेदीचा खर्च शून्य. आपल्याकडे जुना कपडा बोहारीण भांड्याच्या बदल्यात नेते, तो निवडला जातो, धुऊन-इस्त्री होऊन पुढे विकला जातो. प्रत्येक हाताला काहीतरी सुटावं लागतं. थ्रिफ्ट पेजवाल्याला तर एकेका नगाचं माप घ्यायचं, फोटो काढायचा, मेसेजला उत्तर द्यायचं. हजार सारखे शर्ट विकणाऱ्याला हे एकदाच करावं लागतं. पाचशेचा भाव म्हणजे लूट नाही, त्यात मेहनत आहे. पण ती मेहनत तुम्ही का भरायची, हा प्रश्न उरतोच.

दुसरं, नवं स्वस्त झालं. झुडिओसारख्या दुकानात बहुतेक माल हजाराच्या आत असतो. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या तयार कपड्यांवर जीएसटी ५ टक्के झाला. आधी हजाराच्या वर १२ लागायचा.

हिशेब असा करा: जुन्याची किंमत + कुरिअर + शिंप्याचं काम. ही बेरीज त्याच दर्जाच्या नव्या कपड्याच्या *सेलमधल्या* भावाच्या ४० टक्क्यांच्या वर गेली तर सोडून द्या. एमआरपीशी तुलना करू नका, ती फुगवूनच छापलेली असते. समजा जुना शर्ट ४५०, कुरिअर ८०, बाही कमी करायला ६०, म्हणजे ५९०. तसाच नवा सेलमध्ये ७९९ ला असेल तर जुन्यात अर्थ नाही. परत करता येत नाही हा धोकाही त्यात धरलेला नाही.

जुनं परवडतं ते जाड आणि नवं महाग असलेलं: ब्लेझर, खरी लोकर, जाड डेनिम, चांगली सुटकेस, बॅकपॅक. टी-शर्ट, लेगिंग, बूट, आतले कपडे नवेच.

आणि बर्डीच्या (सीताबर्डीच्या) फूटपाथवर ‘एक्स्पोर्ट सरप्लस’ म्हणून मिळतं ते वेगळं. तो न वापरलेला, राहिलेला किंवा नापास झालेला माल असतो, बहुतेक वेळा लेबल कापलेलं. थ्रिफ्टपेक्षा तो बरा, फक्त नापास का झाला ते शोधा: एक बाही लांब, रंगाचा पट्टा, तिरकी शिवण. बर्डीला हिवाळ्यात तिबेटी लोक स्वेटर घेऊन बसतात, तो नवा माल असतो. त्याला जुना समजून भाव करू नका, हसतील.

---

काज_बटण यांचं उत्तर:

वरच्या उत्तरात ४० टक्के म्हटलं ते ठीक, पण शिंप्याचं काम ६० रुपयांत कधी होतं आणि कधी होत नाही, ते आधी कळलं पाहिजे.

खांदा बसला नाही तर कपडा ठेवून द्या. खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर यायला हवी. ती बदलायची म्हणजे बाही उसवून पुन्हा बसवणं, त्या पैशात नवा शर्ट येतो. छाती, कंबर दोन इंचांपर्यंत आत घेता येते. सैल करायचं असेल तर आधी कपडा उलटा करून शिवणीच्या आत कापड किती सोडलंय ते बघा. फॉर्मल पँटला मागच्या मधल्या शिवणीत बहुतेक एखादा इंच मिळतो, जीन्समध्ये काहीच नाही. ब्लेझरच्या मनगटाला खरी उघडणारी काजं असतील तर बाही खालून कमी होत नाही.

ऑनलाइन घेताना ‘एल’, ‘एक्सएल’ विसरा. अंगाला नीट बसणारा शर्ट सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजा, तोच आकडा विक्रेत्याकडून मागा. अर्ध्या इंचाचा फरक चालतो. दीड इंच म्हणजे छातीत तीन इंच, हे लक्षात ठेवा.

हातात घेतल्यावर दुकानाच्या दिव्याखाली बघू नका, उन्हात आणा. काखेतला पिवळा डाग निघत नाही. कॉलरचा मळ निघतो. पावसाळ्यात पेटीत राहिलेल्या कपड्यावर बुरशीचे काळे ठिपके असतात, तेही जात नाहीत. जीन्स दोन पायांच्या सांध्यात उजेडासमोर धरा, विरलेली असेल तर प्रकाश दिसतो. इलॅस्टिक ताणून सोडा. करकर वाजलं की रबर मेलं. चेन अडत असेल तर घाबरू नका, बहुतेक वेळा फक्त रनर गेलेला असतो आणि तो स्वस्तात बदलतो. दातच तुटले असतील तर अख्खी चेन, आणि जॅकेटची लांब चेन बदलणं महागात जातं.

‘लेदर’ जॅकेट जुनं घेऊच नका, खरं चामडं ओळखता येत नसेल तर. रेक्झिनसारख्या पीयूच्या (नकली चामड्याच्या) थराला दमट गरमी सोसत नाही. काही वर्षांनी तो आपोआप सोलतो, कपाटात ठेवलेला असला तरी. कोपराच्या आणि कॉलरच्या घडीवर नखाने हलकं खरवडा, पापुद्रा निघाला की परत द्या. खऱ्या चामड्याची मागची बाजू तंतूंची, मऊ असते. कापडाची जाळी दिसली तर पीयू.

लोकर आहे असं सांगत असतील तर आतल्या शिवणीतला एक धागा मागून घ्या आणि बाहेर नेऊन चिमट्यात धरून जाळा. लोकर केस जळल्यासारखी वासते आणि राख चुरगळते. अॅक्रिलिक, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. सुती धागा कागदासारखा जळतो.

बाकी नागपूरची थंडी डिसेंबर-जानेवारीचे काही आठवडे. युरोपी जाड ओव्हरकोट कितीही स्वस्त मिळाला तरी तो खिळ्यावरच टांगलेला राहतो. आत अस्तर असलेलं साधं जॅकेट पुरे.

---

वाइंडिंग_आणि_ताट्या यांचं उत्तर:

कूलरवर येतो. पोरं जूनमध्ये येणार ना? मग घाई कशाला? नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) संपला, मृग लागला की भाव पडायला लागतात, आणि पाऊस सुरू झाला की दमट हवेत कूलर तसाही काम करत नाही. शक्य असेल तर सुरुवातीचे दिवस पंख्यावर काढा आणि ऑगस्ट-सप्टेंबरात घ्या. खोल्या सोडणारी पोरं तेव्हा जागा मोकळी करायला कूलर काढून टाकतात. होळीनंतर जुन्याचा भाव नव्याला टेकतो, तुम्हाला तोच भाव सांगून राहिले असतील.

जुन्या लोखंडी कूलरमध्ये तुम्ही दोनच गोष्टी विकत घेता: पत्रा आणि मोटर. पंप आणि ताट्या शून्य धरा. पंप खाऱ्या पाण्याने अडकतो, लाकडी गवताच्या ताट्या दरवर्षी बदलायच्याच असतात. हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारखी पुठ्ठ्याची ताटी) असेल तर दोन-तीन उन्हाळे जातात, पण क्षाराने पांढरी, कडक झाली असेल तर तीही शून्य.

पत्रा: टॉर्च घेऊन टबात बघा. गंज आधी कोपऱ्यात आणि पाणी काढायच्या भोकाभोवती धरतो. अंगठ्याने दाबा. वरवरचा लाल गंज चालतो, घासून डांबरी काळा रंग दिला की पुढचे दोन उन्हाळे निघतात. दाबल्यावर पापुद्रे सुटले किंवा पत्रा आत गेला तर नको. ताजा काळा रंग दिलेला कूलर जास्त संशयाने बघा, खाली काय आहे ते झाकलेलं असतं. गेजचा आकडा जितका कमी तितका पत्रा जाड: २० गेज २४ पेक्षा चांगला. मग तीन-चार इंच पाणी भरून खाली वर्तमानपत्र टाका आणि अर्धा तास थांबा. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या.

मोटर: प्लग काढून पाती हाताने फिरवा. मोकळी फिरून हळूहळू थांबायला हवी. घर्र आवाज किंवा शाफ्ट वर-खाली हलत असेल तर बुश (शाफ्ट धरणारी कडी) गेलेलं. मग वीस मिनिटं चालवा, बंद करा, प्लग काढा, मोटरला हात लावा. कोमट ठीक. हात ठेवता येत नसेल तर वाइंडिंग (मोटरच्या आतली तारेची गुंडाळी) जायच्या मार्गावर आहे. पातं ढकलल्यावरच सुरू होत असेल किंवा स्पीड कमी असेल तर बहुतेक कपॅसिटर कमजोर. तो किरकोळ किमतीचा भाग, त्याच्यावर छापलेल्याच मायक्रोफॅरडचा टाकायचा. ही खोट दाखवून भाव पाडा, कूलर सोडू नका. वाइंडिंग कॉपरचं की अॅल्युमिनियमचं हे बाहेरून कळत नाही, विकणारा ‘कॉपर’च म्हणणार.

बेरीज: कूलर + नवा पंप + तीन ताट्या + रंग + छोटा हत्ती टेम्पोचं भाडं. हे सगळं नव्या लोखंडी कूलरच्या ६० टक्क्यांच्या आत बसलं तर घ्या. कपड्यांना ४० आणि इथे ६० का? पत्र्याचा कूलर कोपऱ्यावरचा कोणीही दुरुस्त करतो आणि मोटर वेगळी बदलता येते. जुना प्लास्टिकचा मात्र तडा गेला की संपला. उन्हात राहिलेलं प्लास्टिक ठिसूळ होतं, जाळीची पट्टी हलकी वाकवून बघा.

---

सागवानी यांचं उत्तर:

पलंग लोखंडी घ्या, जुनाच घ्या, यात विचार करायचं कारण नाही. वेल्डिंगचे सांधे बघायचे, वरची प्लाय बदलायची, झालं. लाकडी स्वस्त मिळाला तर सांधे आणि स्क्रूची भोकं टॉर्चने बघा. काळे बारीक ठिपके म्हणजे ढेकूण. खाली पिवळट भुसा पडत असेल तर कीड आत जिवंत आहे.

टेबल-कपाट पार्टिकल बोर्डचं असेल तर जुनं बिलकुल नको. एकदा खोलून पुन्हा जोडलं की स्क्रू धरत नाही आणि खालची कड पोछ्याच्या पाण्याने फुगलेली असते. सनमायकाखाली काय आहे ते कड उचकटलेल्या जागी दिसतं. चंद्रपूर-गडचिरोलीचं जुनं सागवान भंगारात मिळालं तर टेबल त्याचंच करून घ्या. जड असतं आणि कापलेल्या टोकाला रेषा दिसतात, वरून चिकटवलेल्या पातळ पापुद्र्याला तिथे दिसत नाहीत.

लोखंडी कपाट जुनं उत्तम. आतल्या लॉकरची किल्ली आहे का एवढं विचारा आणि दोन्ही दारं बंद करून फट सारखी आहे का बघा. गादी जुनी नको. कापूस घेऊन पिंजाऱ्याकडून भरून घ्या.

---

रीडिंग_घेणारा यांचं उत्तर:

फ्रिजबद्दल कोणी लिहिलं नाही, आणि तोच सगळ्यात फसवा. स्टार लेबलवर वर्ष आणि ‘वर्षाला इतके युनिट’ छापलेलं असतं. निकष वेळोवेळी कडक होतात, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचा पाच स्टार आजचा पाच स्टार नाही. समजा जुना वर्षाला ३५० युनिट खातो, नवा १५०, आणि घरमालक सब-मीटरवर युनिटला १० रुपये लावतो. वर्षाला २,००० गेले. तीन वर्षांचं शिक्षण म्हणजे ६,०००. मग जुना ५,००० ला घेऊन काय वाचवलं? घ्यायचाच असेल तर दारात कागद अडकवून ओढा, सहज निघाला तर गॅस्केट (दाराचं रबर) गेलेलं.

---

रिकामी_खोली:

सगळ्यांचे आभार, यादीच बदलली. दोन शंका. जुन्या कपड्यांतून ढेकूण येतात का, आणि येत असतील तर धुणं कसं? आणि खोलीत बोर्ड जुने आहेत, अर्थिंग आहे की नाही कोण जाणे. लोखंडी कूलर लावावा का?

---

काज_बटण:

येऊ शकतात, शिवणीत बसून. घरात न पसरवता पिशवीतूनच बादलीत टाका. सुती आणि पॉलिस्टर ६० अंशांच्या गरम पाण्यात अर्धा तास. लोकर गरम पाण्यात आटते, ती ड्रायक्लीनला द्या. डांबर गोळ्यांचा वास दोन धुण्यांत जातो, शेवटच्या पाण्यात वाटीभर व्हिनेगर टाका.

---

वाइंडिंग_आणि_ताट्या:

अर्थिंग नसेल तर लोखंडी कूलर लावू नका, नवा असो की जुना. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. ओली फरशी, अनवाणी पाय, लोखंडी पत्रा. तीन पिनचा सॉकेट दिसला म्हणजे मागे तार जोडलेली आहे असं नाही. इलेक्ट्रिशियनकडून टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थमध्ये लावून घ्या, पूर्ण उजेडाने लागला पाहिजे. आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आधीच असेल तर तो पडेल, म्हणजे अर्थिंगची तार जोडलेली आहे. आरसीसीबी नसेल तर ३० मिलिअँपियरचा बसवून घ्या. अर्थची तार कूलरच्या पत्र्याला रंग खरवडून बोल्टने घट्ट हवी, जुन्या कूलरमध्ये ती नेमकी तुटलेली असते. टेस्टर पत्र्याला लावून दिवा लागतोय का, तेही बघून घ्या. घरमालक अर्थिंगला तयार नसेल तर प्लास्टिकचा नवा घ्या, आणि त्यातही पाणी भरताना प्लग काढायचा.