मुंबईतल्या लहान घरात पाणी-वीज वाचवणाऱ्या कोणत्या वस्तू खरोखर उपयोगी पडतात?

मुलुंडकर:
नमस्कार. मुलुंड पूर्वेला आमचे 420 चौरस फुटांचे घर आहे आणि गणपतीनंतर स्वयंपाकघर व न्हाणीघराची दुरुस्ती काढायची आहे. घरात आई (वय 74), आम्ही दोघे आणि शाळकरी मुलगी. पाणी आणि वीज वाचवण्याचे अनेक नियम मी आजवर घरात लावून पाहिले. परंतु नियम म्हटला की तो कुणीतरी लक्षात ठेवावा लागतो, आणि आमच्याकडे तो भार दिवसभर घरी असणाऱ्या आईवर पडतो. साठवलेल्या पाण्याच्या बादल्या उचलणे आता तिला झेपत नाही. म्हणून कुणी आठवण न ठेवताही बचत होईल अशा वस्तू बसवाव्यात, असे ठरवले आहे. दोन बटणांचा फ्लश, नळाचा एरेटर, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरचे) पंखे आणि विजेशिवाय चालणारा मातीचा फ्रीज अशी यादी केली आहे. ज्यांनी या वस्तू वापरल्या आहेत, त्यांनी कृपया अनुभव सांगावा.

पाणीहिशेब_दादर:
फ्लशचा निर्णय सर्वांत आधी घ्या, कारण टाकी भिंतीत बसवून वर टाइल लागल्यावर चूक दुरुस्त करणे महागात पडते. दोन बटणांची टाकी 1980 मध्ये ऑस्ट्रेलियातील कॅरोमा कंपनीत ब्रूस थॉम्पसन यांनी तयार केली. तेव्हा मोठ्या बटणाला 11 आणि लहान बटणाला साडेपाच लिटर पाणी लागत असे. आज 6 आणि 3 लिटरच्या टाक्या सहज मिळतात. चार माणसांनी दिवसातून प्रत्येकी पाच वेळा फ्लश केला, तर 10 लिटरच्या जुन्या टाकीला 200 लिटर पाणी लागते. एकदा मोठे आणि चार वेळा लहान बटण धरले, तर नव्या टाकीला 72 लिटर पुरते. मात्र कमोडही कमी पाण्यासाठीच घडवलेला हवा. आम्ही जुना कमोड तसाच ठेवून फक्त टाकी बदलली होती. तीन लिटरमध्ये तो स्वच्छ होईना, म्हणून प्रत्येक जण दोनदा बटण दाबू लागला आणि सगळी बचत वाहून गेली. आईंसाठी रुंद आणि हलकी दाबली जाणारी बटणे निवडा; दुकानात त्यांनाच दाबून पाहू द्या.

टाकीचा वॉशर झिजला, तर पाणी आवाज न करता झिरपत राहते. टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाकून वीस मिनिटे थांबावे. फ्लश न करता कमोडमध्ये रंग उतरला, तर वॉशर बदलावा.

एरेटर पाण्याच्या धारेत हवा मिसळतो, त्यामुळे कमी पाण्यातही हात आणि भांडी नीट धुतली जातात. तो बेसिनला आणि सिंकला लावा. बादली भरायच्या नळाला लावून उपयोग नाही, कारण बादलीला तेवढेच पाणी लागते आणि वेळ मात्र वाढतो. टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी येत असेल, तर जाळीवर क्षार साचतात. ती काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली की मोकळी होते.

वीजबिल_वाचक:
तुमच्या यादीतला बीएलडीसी पंखा मला सर्वांत मोलाचा वाटतो. साधा छताचा पंखा पूर्ण वेगाला साधारण 75 वॅट वीज घेतो आणि हा 30 वॅटच्या आसपास. दिवसाला बारा तास चालला, तर एका पंख्यामागे महिन्याला सुमारे 16 युनिट वाचतात, आणि मुंबईत पंखा जवळजवळ वर्षभर चालतो. इलेक्ट्रिशियनला भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढायला आवर्जून सांगा, कारण या पंख्याचा वेग आतल्या सर्किटवर ठरतो. रिमोट हरवण्याची भीती असेल, तर भिंतीवरच्या बटणाने वेग बदलणारे प्रकारही मिळतात. आईंना तेच सोयीचे जाईल.

मातीचा फ्रीज मात्र यादीतून वगळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. गुजरातमधील वांकानेरच्या मनसुखभाई प्रजापती यांनी तो घडवला आणि त्या कल्पनेविषयी मला नितांत आदर आहे. परंतु मातीतून पाझरलेल्या पाण्याची वाफ होताना आतली उष्णता निघून जाते, हेच त्याचे सारे तंत्र आहे. हवा कोरडी असेल, तर हे वेगाने घडते. आपल्याकडची हवा मेमध्येही दमट असते आणि पावसाळ्यात तर कपडेसुद्धा वाळत नाहीत. तिथे भाजी त्यात कितपत थंड राहणार?

मुलुंडकर:
मनापासून आभार. मातीचा फ्रीज वगळतो आणि कमोड-टाकी एकत्रच घेतो. आईच्या खोलीत एसी आहे, त्याचे पाणी सध्या खाली पत्र्यावर पडते आणि शेजाऱ्यांची तक्रार असते. त्याचे काही करता येईल का?

गॅलरीतली_तुळस:
ज्या दमटपणामुळे मातीचा फ्रीज निकामी ठरतो, त्यामुळेच एसीला भरपूर पाणी सुटते. आमच्याकडे मे महिन्यात एका रात्रीत बादली भरते. आम्ही एसीचा पाइप उतार देऊन गॅलरीतल्या झाकणबंद पिंपात सोडला आहे, आणि ते पिंप लोखंडी स्टँडवर ठेवून त्याला कमरेच्या उंचीवर नळ बसवला आहे, त्यामुळे सासूबाईंना न वाकता मगभर पाणी घेता येते. लादी पुसायला आणि कुंड्यांना ते चालते. पिण्यासाठी किंवा स्वयंपाकासाठी वापरू नये. पिंपाच्या काठाशी एक जादा पाइप काढून तो न्हाणीच्या मोरीत सोडा, म्हणजे भरलेले पिंप वाहून पुन्हा शेजाऱ्यांच्या पत्र्यावर जाणार नाही. झाकणाच्या फटींना बारीक जाळी लावा, कारण साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात.