ओमान: निझवा शहरात ओमानी घरी जेवायला जायचंय, काय न्यावं?

सईची_आई: यजमान नवऱ्याचे ऑफिसमधले सहकारी. आम्ही दोघं आणि शाकाहारी सासूबाई. दुबईत विमान बदलायचंय. भेट १५०० रुपयांपर्यंत. भाकरवडी आणि अनारसे डोक्यात आहेत. मस्कतची सुलतान काबूस मशीदही बघायचीय.

मस्कतकर: भाकरवडी, अनारसे दोन्ही रद्द करा. दोन्हींत खसखस असते आणि दुबईत, म्हणजे अमिरातीत, खसखशीवर बंदी आहे. सोबत घरचा गोडा मसाला असेल तर तोही तपासा. काजूकतली न्या.

पक्का_पुणेकर: खाऊ कशाला? मस्कतच्या मत्रा सूकमधून (बाजारातून) हौजरी, म्हणजे उत्तम प्रतीचा लोबान घ्या. ३० रियाल गेले तरी चालतील, भेट भेटीसारखी दिसते.

मस्कतकर: त्यांचं बजेट १५०० आहे हो. आणि दक्षिण ओमानमधल्या धोफारचा लोबान ओमानी घरात असतोच.

नाशिकची_सून: काजूकतलीच. चॉकलेट नेणार असाल तर आत मद्य नाही ना, हे वेष्टनावर वाचा. सासूबाईंचं शाकाहारी असणं दोन दिवस आधीच कळवा. भाताच्या एकाच मोठ्या ताटात मांस असतं, ऐनवेळी बाजूला काढता येत नाही. ताटातलं आपल्या समोरचंच खायचं, उजव्या हाताने.

वाळवंटी_वारा: उजवा हात कहवा (ओमानी कॉफी) घेतानाही. फिंजानमध्ये (छोट्या कपात) तळाशी घोटभरच ओततात आणि रिकामं दिसलं की पुन्हा भरतात. तोंडाने "नको" म्हणून भागत नाही. फिंजान परत देताना दोन-तीनदा डावी-उजवीकडे हलवा, मग थांबतात. जेवणानंतर बुखूरची (सुगंधी धुपाची) धुनी फिरली की निघायची वेळ झाली. त्यानंतर गप्पा लांबवू नका.

पक्का_पुणेकर: उजवा हात विसरू नका. लोबानवर मी ठाम आहे.

नाशिकची_सून: बायकांची बैठक बहुतेक वेगळी असेल. नवऱ्याने घरातल्या बाईपुढे आपणहून हात मिळवायला पुढे करू नये. छातीवर हात ठेवून सलाम पुरे. जमिनीवर बसताना तळपाय कोणाकडे नकोत. घरातल्या बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

मस्कतकर: मशीद राहिलीच. मुस्लिमेतरांना शनिवार ते गुरुवार, सकाळी ८ ते ११, शुक्रवारी बंद. बायकांचे कपडे मनगट-घोट्यापर्यंत आणि सैल, केस पूर्ण झाकलेले. ओढणी गुळगुळीत रेशमी नको, सारखी घसरते, सुती घ्या. पुरुषांना फुल पँट.

सईची_आई: सगळ्यांचे आभार. खसखशीचं माहीतच नव्हतं! काजूकतली नाही, लोबानही नाही. रत्नागिरीची आंबापोळी नेतेय, प्रवासात टिकते. शाकाहाराचा निरोप आजच धाडते.